हरण्याच्या आरएनएचं शेवटचं टोक: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रावेर तालुका

राखीसाठी घरी आले आणि चहाआधीच बागेत गेले. केळीच्या मृगबागेची रोपं दोन महिन्यांची झालीत. आठवडाभर ऊन नाही, झिमझिम चालूच. आबांनी काल चौदा रोपं उपटून बांधाबाहेर खड्ड्यात पुरली, पंधरावं माझ्यासाठी ठेवलं. पानावर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे, नवं पान अरुंद आणि कडेला वेडंवाकडं, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) हाताला मऊ लागतो. आमच्याकडे याला हरण्या म्हणतात. पुस्तकात कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही.

आबांनी विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये याच्यावर काही औषध निघेल का गं?" मी नाही म्हणाले. मावा आवरायचा, बांधावरचं तण काढायचं, बागेत काकडी, मिरची, टोमॅटो घालायचे नाहीत, रोगट रोप दिसलं की त्याच दिवशी काढायचं, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांना सांगताना तो मलाच पहिल्यांदा स्वच्छ दिसला. विषाणूच्या आत एक लांब चिठ्ठी असते, आरएनए. केळीच्या पेशीतही तिच्या स्वतःच्या हजारो चिठ्ठ्या फिरत असतात. नक्कल करणारं विषाणूचं यंत्र त्या गर्दीतून आपलीच चिठ्ठी कशी ओळखतं? आणि नक्कल नेमकी कोणत्या अक्षरापासून (ए, यू, जी, सी ही तिची अक्षरं) सुरू करतं?

"खूण असेल काहीतरी," आबा म्हणाले.

हो, खूणच आहे. मला ती आमच्या बागेतल्या विषाणूवर बघायची आहे.

पानाचे पाच तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत घातले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला. उद्या रात्री भुसावळहून गाडी.

२१ ऑगस्ट, पुणे

नमुने उणे ८० अंशांत ठेवले. माझ्या गाईड मॅडमनी प्रबंधाच्या विषयाला होकार दिला. शीर्षक लांबलचक झालंय, पण काम एका ओळीत मावतं: केळीतल्या सीएमव्हीच्या आरएनएचं ३′ (तीन प्राइम, म्हणजे शेवटचं) टोक खरोखर कसं आहे ते शोधणं.

२७ ऑगस्ट

सीएमव्हीकडे येण्याआधी त्याच्या चुलत भावापाशी थांबावं लागलं. गवतावर आणि जवावर येणारा ब्रोम मोझॅक विषाणू, बीएमव्ही. माझ्या प्रश्नाची सगळ्यात खोल उकल याच्यावर झाली. तीन आरएनए: पहिला साधारण ३,२०० अक्षरांचा, दुसरा २,९००, तिसरा २,१००. पहिल्यावर १ए प्रथिन, दुसऱ्यावर २ए. आरएनए जोडणारं पॉलिमरेज म्हणजे २ए. सीएमव्हीची मांडणीही अशीच.

जुन्या संशोधकांची पहिली अडचण वाचताना मला फार जवळची वाटली. रोगट जवाच्या पानांतून विकर (एन्झाइम, इथे पॉलिमरेज) काढलं, तर त्याला चिकटून विषाणूचा आरएनएही येतो. मग आपण बाहेरून घातलेल्या आरएनएची नक्कल झाली की आधीच्याची, हे कळणार कसं? १९८३ मध्ये मिलर आणि हॉल यांनी मायक्रोकोकल न्यूक्लिएज वापरलं. हे विकर आरएनए खाऊन टाकतं, पण त्याला कॅल्शियम लागतं. आधी त्याला आतला आरएनए खाऊ द्यायचा, नंतर ईजीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकायचं. न्यूक्लिएज थांबतं, पॉलिमरेज शाबूत राहतं, आणि आता आपण देऊ त्याच आरएनएची नक्कल होते. इतकी साधी गोष्ट, पण पुढचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहिलं. १९८५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की विषाणूचा चौथा, छोटा आरएनए तिसऱ्याच्या उलट धाग्यावर (त्याच्या जोडीच्या नकलेवर) मधूनच सुरुवात करून तयार होतो. म्हणजे यंत्राला एक खूण टोकाशी सापडते आणि दुसरी अधेमध्ये.

आता टोकाची खूण. बीएमव्हीच्या आरएनएचं ३′ टोक घडी घालून टीआरएनएचं, म्हणजे प्रथिनं बनताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या पेशीतल्या छोट्या आरएनएचं सोंग घेतं. हे सोंग इतकं पक्कं आहे की पेशीचं विकर त्याला फसतं आणि त्याच्या टोकाला टायरोसिन हे अमिनो आम्ल जोडतं. सीएमव्हीलाही टायरोसिनच. सलगमवरच्या टर्निप यलो मोझॅक विषाणूला व्हॅलिन, तंबाखूच्या मोझॅकला हिस्टिडिन.

पण पॉलिमरेज हे सगळं सोंग निरखत बसत नाही. त्या घडीत एक हेअरपिन आहे (धागा स्वतःवरच दुमडून झालेला देठ आणि त्याच्या टोकाला फास), स्टेम-लूप सी. त्याच्या टोकाला तीन अक्षरांचा फास: ए, यू, ए. काओ यांच्या इंडियानातल्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये एवढा हेअरपिन आणि आरएनएच्या शेवटची आठ अक्षरं एवढंच जोडून दिलं, तरी यंत्राने नक्कल सुरू केली. फासातलं पहिलं ए बदललं की काम कोसळतं. २००० मध्ये किम, काओ आणि टिनोको यांनी चुंबकीय अनुनादाने त्या फासाचा आकार काढला, तेव्हा कारण दिसलं. ते पहिलं ए आत दुमडलेलं नाही. देठाला घट्ट धरून ते बाहेर रोखलेलं आहे, दाराबाहेर काढून ठेवलेल्या कडीसारखं.

तीन हजार अक्षरांच्या चिठ्ठीत यंत्र आधी चाचपतं ते हे एक बाहेर आलेलं अक्षर. मग ते शेवटच्या सी-सी-ए पर्यंत जातं आणि तिथून मागे लिहायला लागतं. आज दिवसभर वहीत तोच हेअरपिन काढत बसले.

३ सप्टेंबर

आरएनए काढायचा पहिला प्रयत्न फसला. केळीचं पान द्रवात वाटलं तसं पाच मिनिटांत तपकिरी झालं, नंतर शेंबडासारखं चिकट. जेलवर (इथे आरएनए आकाराप्रमाणे वेगळे होऊन पट्टे दिसायला हवेत) नुसता धूर. फिनॉल आणि शर्करा, केळीची जुनी खोड.

१० सप्टेंबर

गौरी यायच्या दिवशी लॅब रिकामी होती, ते बरंच झालं. सीटीएबी द्रावणात पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल वाढवलं, ६५ अंशांवर अर्धा तास ठेवलं, क्लोरोफॉर्म दोनदा, मग इथेनॉलने आरएनए खाली आणला. दोन ठसठशीत पट्टे आणि त्यांच्या पुष्कळ खाली एक जाडसर डाग. तो डाग टीआरएनएचा. तो बघून आनंद झाला, पण पुढे तोच नडेल असं तेव्हा मनात आलं नाही. (ही शेवटची ओळ ६ नोव्हेंबरला जोडली आहे.)

१९ सप्टेंबर

आरटी-पीसीआर झाली: प्रायमर नावाच्या छोट्या तुकड्यापासून सुरुवात करून आरएनएची डीएनए नक्कल काढायची आणि ती वाढवायची. पट्टा अपेक्षित जागी. मी फोटो घेऊन मॅडमकडे पळत गेले.

मॅडमनी विचारलं, "उलटा प्रायमर कुठे बसतो?"

"मॅडम, अगदी टोकाला. शेवटच्या १९ अक्षरांवर."

"मग ती १९ अक्षरं कुणाची वाचलीस तू? विषाणूची की ऑर्डर देऊन मागवलेल्या प्रायमरची?"

मी गप्प. प्रायमर जिथे चिकटतो, तिथला क्रम पीसीआरच्या तुकड्यात प्रायमरकडूनच येतो. विषाणूत तिथे एखादं अक्षर वेगळं असलं, तरी प्रायमर थोडाफार बसून जातो आणि आपलं अक्षर छापून टाकतो. मी नेमकं जिथे बघायला निघाले होते, ती जागा मी माझ्याच हाताने झाकली होती.

संध्याकाळी विदागारातल्या (डेटाबेसमधल्या) केळीवरच्या सीएमव्हीच्या काही नोंदी उघडल्या. बऱ्याच नोंदींचा शेवट माझ्या प्रायमरशी अक्षर न् अक्षर जुळतो. आवरण प्रथिनाचा जनुक बघायला काढलेल्या त्या नोंदी, त्यांच्या कामापुरत्या बरोबरच आहेत. पण सुरुवातीची खूण त्यांवरून वाचायची म्हटली तर आपण प्रायमर वाचतो आहोत.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. मी टोकाशी प्रायमर बसवला, कारण माझ्या विकराला त्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. विषाणूच्या पॉलिमरेजला प्रायमर लागत नाही. ते एकटं एक जी उचलतं, टोकाजवळच्या सी समोर धरतं, त्याला दुसरं अक्षर जोडतं. कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर ठेवायचं हे काम सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच त्याला खूण इतकी काटेकोर लागते.

२६ सप्टेंबर

पर्याय शोधले. पहिला विचार: सीएमव्हीला पॉलीए शेपूट (टोकाला ओळीने नुसते ए) नाही, तर पॉलीए पॉलिमरेजने आपण लावू, मग टीच्या प्रायमरने उचलू. सगळे असंच करतात. रात्री झोपताना लक्षात आलं की विषाणूचं शेवटचं अक्षर ए आहे. त्यापुढे ए ए ए ए लावले तर विषाणूचं ए कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे कोण सांगणार? नेमकं तेच अक्षर मला हवं आहे.

ते का हवंय हेही लिहून ठेवते. बीएमव्हीत पॉलिमरेज शेवटच्या ए पासून सुरुवात करत नाही. उपांत्य सी पासून करतं. म्हणजे प्रत्येक फेरीत शेवटचं ए नकलेत येतच नाही. मग ते टिकतं कसं? पेशीत टीआरएनएच्या टोकांना सी-सी-ए लावणारं, झिजलं तर दुरुस्त करणारं विकर असतं. टीआरएनएचं सोंग घेतलेल्या विषाणूलाही तेच ए लावून देतं. १९८९ मध्ये राव, ड्रेहर, मार्श आणि हॉल यांनी या सोंगाला टेलोमिअरचं काम करणारं म्हटलं, गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून पेशीत जी व्यवस्था असते तसं. मला हे वाचून घरच्या पायजम्याची नाडी आठवली. टोक उसवू नये म्हणून आजी गाठ मारून द्यायची.

तर शेपूट नको. छोटा डीएनए ॲडॅप्टर थेट टोकाला जोडायचा.

८ ऑक्टोबर

ॲडॅप्टर आणि तो जोडणारं विकर, लिगेज, मागवलं. दिवाळीनंतर येईल म्हणतात. विभागाच्या निधीतून एवढंच बसतं, म्हणजे फारतर दहा जोडण्या. नळ्या, हातमोजे, सगळं घेऊन आधी नुसत्या पाण्यावर सराव करून घेणार.

मॅडमची शंका: टोकाला टायरोसिन बसलेलं असलं तर तिथला हायड्रॉक्सिल अडलेला, ॲडॅप्टर जोडला जाणार नाही. बरोबर आहे. पण तो बंध अल्कलीत आणि उष्णतेत तुटतो, आणि माझं सीटीएबी पीएच ८ चं, ६५ अंशांवर अर्धा तास. तिथेच बहुतेक गळून पडलं असेल. तरी खात्रीसाठी पीएच ९ च्या ट्रिसमध्ये ३७ अंशांवर ठेवायची एक पायरी वाढवली.

२१ ऑक्टोबर

तीन दिवस एका गोष्टीमागे गेले. संदर्भ म्हणून वापरायच्या सीएमव्हीच्या फ्नाय स्ट्रेनचा शेवटचा दीडशे अक्षरांचा तुकडा आरएनएफोल्डमध्ये, म्हणजे आरएनएची घडी वर्तवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला. चित्रात टीआरएनएसारखं काही येईना. तापमान बदललं, तुकडा लांब केला, आखूड केला. शेवटी कळलं की हा प्रोग्रॅम स्यूडोनॉट धरतच नाही. या सोंगातला टोकाचा दांडा एका फासाची अक्षरं लांबच्या दुसऱ्या अक्षरांशी जुळून बनतो, म्हणजे स्यूडोनॉटनेच. तो वजा केला तर टीआरएनए दिसणार कुठून? स्टेम-लूप सी सारखा भाग मात्र प्रत्येक वेळी जागच्या जागी आला, कारण तो स्वतःपुरता घडी घालतो.

याच ओघात बीएमव्हीच्या टोकाची २०२१ ची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली रचना पाहिली, कीफ्ट यांच्या गटाची. टायरोसिन जोडणारं विकर येऊन बसतं तेव्हा रचनेचा एक हात फिरून दुसऱ्या जागी जातो. मी इतके दिवस ही घडी दगडात कोरलेली समजत होते. एकाच टोकाला टायरोसिनचं विकर, सी-सी-ए लावणारं विकर आणि विषाणूचं पॉलिमरेज, असे तीन पाहुणे येतात. त्याला हलता येतं म्हणूनच हे जमत असावं, असं मला वाटतं.

गर्दीचा दुसरा प्रश्नही आहे. प्रथिनं बनवणारा रायबोसोम ५′ म्हणजे सुरुवातीच्या टोकाकडून चालत येतो, पॉलिमरेज ३′ कडून. एकाच धाग्यावर दोघं समोरासमोर आले तर अडणार. बीएमव्हीत १ए प्रथिन आरएनएला भाषांतरातून (रायबोसोमच्या कामातून) काढून पेशीतल्या पटलावरच्या ५० ते ७० नॅनोमीटरच्या छोट्या कोषांत ओढून नेतं. तिसऱ्या आरएनएत त्यासाठी मध्यभागी वेगळी खूण आहे, तिला बॉक्स बी म्हणतात. सीएमव्ही हे काम रिक्तिकेच्या पटलावर करतो. म्हणजे "ओळखणं" हे एकदाच घडत नाही. आधी कोषात ओढणारी ओळख, मग कडी चाचपणारी, मग पहिलं अक्षर ठेवणारी. प्रबंधात हा क्रम ठळक लिहायचा.

६ नोव्हेंबर

भाऊबीज आटोपून आले तर खोका आलेला. लगेच जोडणी लावली. काही नाही. पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. दहातल्या दोन गेल्या.

रात्री जुन्या जेलचा फोटो काढून पाहिला आणि तो खालचा जाड डाग दिसला. टीआरएनए. केळीच्या पानातल्या असंख्य टीआरएनएंची टोकं सी-सी-ए चीच, आणि मी पीएच ९ ची पायरी देऊन त्यांचीही टोकं मोकळी करून ठेवली. ॲडॅप्टर सगळा त्यांनीच उचलला असणार. विषाणू ज्यांचं सोंग घेतो, त्या अस्सल मंडळींनी त्याचा वाटा खाल्ला.

उपाय साधा आहे. इथेनॉलऐवजी लिथियम क्लोराइडने आरएनए खाली आणायचा. त्यात मोठे रेणू खाली बसतात, टीआरएनए बहुतेक वरच राहतात.

९ नोव्हेंबर

नवा आरएनए. खालचा डाग जवळजवळ गेला.

१४ नोव्हेंबर

जमलं. साडेपाचशेच्या जवळ एक पट्टा, बारीक पण एकटा. लिगेज न घातलेल्या नळीत काही नाही. आबांना फोन केला. त्यांना पट्टा म्हणजे काय ते माहीत नाही, पण म्हणाले, "झालं ना? मग जेवून घे आता."

१२ डिसेंबर

तो पट्टा जीवाणूंत घालून वाढवलेल्या आठ वसाहतींचे, म्हणजे क्लोनचे, क्रम आले. सगळ्यांत ॲडॅप्टर स्वच्छ दिसतो, त्यामुळे विषाणू कुठे संपतो याबद्दल शंका नाही. सहा सी-सी-ए वर संपतात, दोन सी-सी वर.

ते दोन बघून हुरळून जायला झालं. यंत्राने नुकत्याच बनवलेल्या, अजून ए न लावलेल्या प्रती? असूही शकतील. पण पान गाडीत आणि त्याआधीही बर्फात होतं, आरएनए सीटीएबीत शिजला, टोकाचं एक अक्षर वाटेतही झिजू शकतं. मॅडम म्हणाल्या, "दोन क्लोनवर काही लिहू नकोस. तक्त्यात दे, चर्चेत नको." पटलं.

प्रायमरखाली झाकलेल्या १९ अक्षरांत एका ठिकाणी आमच्या बागेतला विषाणू माझ्या प्रायमरपेक्षा वेगळा निघाला. आठही क्लोनमध्ये. फक्त एक अक्षर. एवढ्यासाठी तीन महिने गेले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

२० जानेवारी २०२५

स्टेम-लूप सी चा भाग जुळवून पाहिला. सीएमव्हीत हा हेअरपिन बीएमव्हीसारखा हुबेहूब नाही. शिवकुमारन, बाओ, रूसिंक आणि काओ यांच्या २००० मधल्या कामात सीएमव्हीचे दोन गट आहेत: बहुसंख्य एक प्रकारचा हेअरपिन बाळगतात, थोडे वेगळ्या घडणीचा. सी-ए ही शेजारशेजारची दोन अक्षरं मात्र एकाही प्रकारात बदललेली नव्हती, आणि ती बदलली की यंत्राची पकड जाते. बीएमव्हीचं यंत्रही सीएमव्हीची खूण ओळखतं, पण पूर्ण टोक दिलं तरच. नुसत्या हेअरपिनवर त्याचं काम चालत नाही. भावाची सही ओळखू येते, पण सोबत चेहराही लागतो.

आमच्या केळीतला विषाणू बहुसंख्य गटातला. सी-ए आठही क्लोनमध्ये जागेवर.

मधल्या खुणेबद्दल माझ्याकडे काम नाही, पण प्रस्तावनेत तिला जागा हवी. बीएमव्हीत चौथा आरएनए सुरू होतो त्या जागेच्या मागे २० अक्षरांच्या पट्ट्यात चार अक्षरं कळीची: उणे १७, उणे १४, उणे १३ आणि उणे ११. सीगल, ॲडकिन्स आणि काओ यांनी १९९७ मध्ये एकेक अक्षर बदलून ती शोधली. नंतर हासनूट, बोल आणि ओल्स्टहोर्न यांनी दाखवलं की तिथेही एक छोटा हेअरपिन उभा राहतो आणि कामात तो स्टेम-लूप सी ची जागा घेऊ शकतो. टोकाची आणि मधली खूण वरवर वेगळ्या दिसतात, पण एकाच हाताने चाचपण्याजोग्या आहेत.

३ फेब्रुवारी

सादरीकरणात बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "तुम्ही क्रम वाचला. पॉलिमरेज तो ओळखतं हे कुठे दाखवलं?" नाही दाखवलं. त्यासाठी रोगट पानांतून काम करणारं विकर काढावं लागेल, आतला आरएनए खाऊ घालावा लागेल, मग आमच्या टोकाची आणि एकेका बदललेल्या टोकाची नक्कल मोजावी लागेल. १९८३ ची तीच युक्ती. मी तसंच उत्तर दिलं. ते म्हणाले, "मग ते वेगळं काम आहे." हो, वेगळं आहे.

प्रायमरखाली सापडलेलं ते एक अक्षर टोकाच्या दांड्यात येतं, आणि समोरच्या अक्षराशी त्याची जोडी तशीही जुळते. म्हणून यंत्राला फरक पडत नसावा असा माझा अंदाज. अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

९ फेब्रुवारी, घरी

पिलबागेत (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेत) दोन नवी रोगट झाडं. आबांनी उपटण्याआधी फोन केला होता, मी पहिल्या गाडीने आले. या वेळी नमुना शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये घातला. जळगावहून छोटा डबा उसना आणलाय. सी-सी वर संपणाऱ्या त्या दोन क्लोनचं काय, ते आता बर्फातल्या त्या तासांना दोष न देता बघता येईल. नळ्यांवर पेन्सिलने तारीख, झाडाचा ओळ क्रमांक, पानाचा क्रमांक लिहिला. आबा खड्डा खणताहेत.